लॅमिंग्टन रोडला जाण्याआधी

दोघं मावसभावंडं. धंदा म्हटला तर एकच, पण त्या धंद्यावरून त्यांचं पटलेलं मी अजून पाहिलेलं नाही. ताई मुंबईत सिनेमे आणि वेबमालिका एडिट करते. पिंटूचा कराडला फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे. गिऱ्हाइकं त्याला पिंटूशेठ म्हणतात, ताई पिंट्या म्हणते. तुळशीचं लग्न लागलं की पुढे मुहूर्त संपेपर्यंत त्याला डोकं वर काढायला फुरसत नसते. यंदा सीझनच्या आधी नवं मशीन घ्यायचं म्हणून तो लॅमिंग्टन रोडवरून अडीच लाखांचं कोटेशन घेऊन थेट ताईच्या एडिट रूमवर आला. सल्ला हवाय, असं म्हणाला. माझ्या मते त्याला शाबासकी हवी होती. ती मिळाली नाही आणि वाद मात्र चांगलाच रंगला. मशीन घेऊ पाहणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल म्हणून तो इथे जवळजवळ झाला तसा देतो आहे. मध्ये मध्ये मी तोंड घातलं आहे, ते चालवून घ्यावं.

पिंटू : हे बघ ताई. इंटेलचा वीस कोरचा प्रोसेसर, चौसष्ट जीबी रॅम, एनव्हिडियाचं चाळीस मालिकेतलं कार्ड, चार टीबीची एनव्हीएमई एसएसडी. एकदा घ्यायचं, पाच वर्षं मागं वळून बघायचं नाही.

ताई : मशीन झकास आहे. तुझं काम अडतं कुठे, ते सांग.

पिंटू : सगळीकडंच. नवे कॅमेरे घेतल्यापासून. तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम लावलं की सप्तपदी अडखळत चालते. आवाज पुढं जातो, चित्र मागं राहतं. जुन्या कॅमेऱ्यांचं काम ह्याच मशीनवर बिनबोभाट व्हायचं.

ताई : म्हणजे मशीन म्हातारं झालं नाही, फुटेज बदललं. कार्डावर काय रेकॉर्ड करतोस?

पिंटू : फोर के.

ताई : तो झाला आकार. कोडेक कुठला?

पिंटू : एच.२६५. टेन बिट, चार-दोन-दोन. कॅमेरा देणारा म्हणाला, हळदीचा पिवळा फाटत नाही.

ताई : खोटं नाही सांगितलं त्यानं. आठ बिटमध्ये एका रंगाला २५६ पायऱ्या मिळतात, दहा बिटमध्ये १०२४. लॉगमध्ये शूट करून मग रंग ओढायचे असतील तर त्या पायऱ्या लागतात. आणि चार-दोन-दोनमध्ये रंगाची माहिती चार-दोन-शून्यपेक्षा जास्त उरते. पण त्या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते. एक फ्रेम पूर्ण, मग पुढच्या कित्येक फ्रेममध्ये नुसता फरक. दुकानाच्या वहीत आरंभीची शिल्लक एकदा लिहिली आणि पुढे फक्त जमा-खर्च लिहीत गेलं, तर अमुक तारखेला गल्ल्यात किती होते हे सांगायला पहिल्यापासून बेरीज करत यावं लागतं. तू टाइमलाइनवर कुठंही क्लिक केलंस की मशीन ती बेरीज करतं. उलटं पळवलंस तर पुन्हा पुन्हा करतं. तीन कॅमेरे म्हणजे तीन वह्या. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरमध्ये प्रत्येक पानावर शिल्लक लिहिलेली असते. म्हणून ते हलकं चालतं आणि जागा बक्कळ खातं.

पिंटू : म्हणूनच तर फास्ट एनव्हीएमई घेतोय.

इथे मी कागद-पेन काढलं, कारण ही समजूत मी फार ठिकाणी पाहिली आहे. पिंटूच्या फुटेजचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट धरला, तर आठाने भागून सेकंदाला साडेबारा मेगाबाइट होतात. तीन कॅमेऱ्यांचे मिळून साडेसदतीस. साधी फिरणारी हार्ड डिस्कसुद्धा सलग वाचताना सेकंदाला दीडशे मेगाबाइट सहज देते. म्हणजे अडखळण्यात डिस्कचा काही दोष नाही. ती निवांत बसलेली असते, घाम प्रोसेसरला फुटलेला असतो. सेकंदाला सात हजार मेगाबाइटची एनव्हीएमई लावली तरी सप्तपदी आधीसारखीच अडखळेल. हेच फुटेज प्रोरेस ४२२ मध्ये बदललं तर गणित बरोबर उलटं होतं. अल्ट्रा एचडी, २५ फ्रेमला तो कोडेक सेकंदाला सुमारे ४९२ मेगाबिट घेतो. तीन कॅमेऱ्यांचे झाले १८५ मेगाबाइट, तेही तीन वेगवेगळ्या जागांवरून एकदम वाचायचे. तिथे प्रोसेसर आरामात असतो आणि एकटी हार्ड डिस्क हात टेकते. कुठल्या कोडेकला काय दमवतं, हे कळल्याशिवाय कोटेशनमधली एकही ओळ वाचता येत नाही.

ताई : ह्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी काय लिहिलंय बघ.

पिंटू : के एफ.

ताई : त्यातला एफ काय सांगतो?

पिंटू : एफवाला थोडा स्वस्त पडतो म्हणाला.

ताई : स्वस्त पडतो, कारण त्याच्या आतलं ग्राफिक्स बंद असतं. आणि इंटेलचं क्विक सिंक त्या ग्राफिक्समध्येच असतं. तुझं हे एच.२६५, टेन बिट, चार-दोन-दोन फुटेज हार्डवेअरमध्ये उलगडायची सोय इंटेलनं अकराव्या पिढीपासून त्या क्विक सिंकमध्ये दिली. तीच तू हजार-दोन हजार वाचवायला सोडतोयस.

पिंटू : अगं पण एवढं मोठं ग्राफिक्स कार्ड आहे की सोबत!

ताई : ते चाळीस मालिकेतलं आहे. त्याला चार-दोन-शून्य उलगडता येतं, चार-दोन-दोन येत नाही. एनव्हिडियानं ती सोय २०२५ मध्ये आलेल्या पन्नास मालिकेत दिली. म्हणजे तुझ्या कोटेशनमध्ये एवढं महागाचं सामान आहे आणि तुझं फुटेज उलगडणारा एकही भाग नाही. वीस कोर मिळून ते हातानं उलगडत बसणार.

पिंटू जरा गप्प झाला. दुकानदारानं त्याला फसवलं, असं कुणी म्हणू नये. त्या दुकानात दिवसभर गेम खेळणारी पोरं येतात, आणि त्यांच्यासाठी ते मशीन उत्तमच आहे. गेमला व्हिडिओ उलगडावा लागत नाही. "एडिटिंगसाठी जबरदस्त मशीन द्या" एवढंच सांगितल्यावर माणूस आपल्याकडचं जे जबरदस्त ते देतो. चार-दोन-दोन हा आकडा पिंटूनं दुकानात उच्चारलाच नव्हता.

ताई : माझं विचारशील तर मशीन घेऊच नकोस. आहे त्याच्यावर प्रॉक्सी बनव, म्हणजे मूळ फुटेजची हलकी प्रत. तुझ्या इडियसमध्ये प्रॉक्सी मोड आहे, रिझॉल्व्हमध्ये आहे, प्रीमियरमध्ये आहे. आमच्याकडे सेटवर डीआयटी, म्हणजे फुटेज सांभाळणारा तंत्रज्ञ, कार्डं उतरवून घेतो, मूळ फाइली तिथूनच दोन-तीन ड्राइव्हवर जातात, आणि माझ्याकडे येतं ते डीएनएक्सएचडी ३६. सेकंदाला छत्तीस मेगाबिट, तासाला सोळा जीबी. शूटिंग कितीही के मध्ये असो. पिक्चर लॉक होईपर्यंत मूळ फाइलला मी हात लावत नाही. लॉक झालं की कटांची यादी जाते, ग्रेडिंगवाले मूळ फाइली लावून घेतात, साउंडला एएएफ जातं. माझं मशीन बघितलंस तर तुझी पोरं हसतील.

पिंटू : पॅरासाइटचं आता सांगू नकोस.

ताई : सांगणारच. ऑस्करला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, एडिटिंगला नामांकन मिळालं आणि सिनेमा कापलाय फायनल कट प्रो ७ वर. ॲपलनं २०११ मध्ये बंद केलेलं सॉफ्टवेअर, सिनेमा २०१९ चा.

पिंटू : त्यांना बारा सदतीसचा मुहूर्त नव्हता, ताई.

ताई : म्हणजे?

पिंटू : म्हणजे असं. बारा सदतीसला अक्षता पडतात. सात वाजता रिसेप्शनला एलईडी वॉलवर तीन मिनिटांची फिल्म लागली पाहिजे, हे बोलीत ठरलेलं असतं. जेवणाच्या पंगती उठेपर्यंत कार्डं हातात येत नाहीत. चार वाजता मी कार्यालयाच्या स्टोअर रूममध्ये, तेलाच्या डब्यांच्या मधोमध, लॅपटॉप मांडून बसतो. तू म्हणतीस प्रॉक्सी बनव. प्रॉक्सी बनवायला तेच फुटेज आधी उलगडायला लागतं का नाही? आणि तेच तर मशीनला जड जातंय. प्रॉक्सी तयार होईस्तोवर नवरी सासरी पोहोचलेली असते.

ताई : सेम डे एडिटचं सोड. बाकीचं काम?

पिंटू : बाकीचं काम म्हणजे एका लग्नाचं बारा तासांचं फुटेज. सीझनला आठवड्यात तीन लग्नं. तुझ्याकडं असिस्टंट आहेत, लॅब आहे, डीआयटी आहे. माझ्याकडं दोन पोरं आहेत, त्यातला एक ड्रोन उडवतो आणि दुसरा अल्बम लावतो. माझ्याकडं माणसाचा वेळ महाग आहे, मशीन स्वस्त आहे. तुझ्याकडं उलटं आहे, म्हणून तुला ज्ञान सुचतंय.

हा मुद्दा बिनतोड होता आणि माझ्या मते इथे पिंटू जिंकला. सिनेमातला एडिटर एकच दृश्य महिनाभर उलटसुलट करतो. एकदा केलेली प्रॉक्सी शेकडो वेळा वापरली जाते, तिचा खर्च सहज वसूल होतो. लग्नाचं फुटेज एकदा बघायचं, निवडायचं, लावायचं, द्यायचं. त्याच्यासाठी आधी रात्रभर सगळं बदलून घेणं म्हणजे ज्या क्लिपा आपण कधी उघडणारही नाही त्यांच्यावर वीज आणि वेळ घालवणं. मूळ फाइल थेट टाइमलाइनवर टाकून कापता येणं ही त्याची चैन नव्हे, गरज आहे. आपल्याकडच्या लग्नाच्या स्टुडिओंत इडियस इतकं रुजलं त्याचं एक कारण हेच. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचं, वेगवेगळ्या कोडेकचं फुटेज एकाच टाइमलाइनवर काही न बदलता चालवण्यासाठीच ते ओळखलं जातं, आणि त्यासाठी ते क्विक सिंकचा भरपूर आधार घेतं.

ताई : बरं, मग फुटेजच बदल. कॅमेऱ्याच्या मेनूत जा. हळद आणि लग्नघटिका चार-दोन-दोनमध्ये कर. पंगत, आहेर, ग्रुप फोटो चार-दोन-शून्यमध्ये. तिथे तू रंग ओढणार आहेस का?

पिंटू : आहेरात कसला रंग ओढतोय. लोकांची तोंडं दिसली की झालं.

ताई : मग. ते चार-दोन-शून्य तुझं जुनं कार्डसुद्धा खुशाल उलगडेल. किंवा सेम डे एडिटचा जो एक कॅमेरा, तो ऑल-इंट्रावर टाक. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण असते. सेकंदाला २५० मेगाबिट, तासाला एकशेबारा जीबी. कार्डं जास्त लागतील, पण स्टोअर रूममध्ये लॅपटॉप रडणार नाही.

पिंटू : हे बरंय. हे कुणी सांगितलंच नव्हतं.

ताई : मेनू बदलायला कोटेशन लागत नाही, म्हणून कुणी सांगत नाही. आणि मॅकचा विचार केलास का? एम मालिकेच्या चिप्समध्ये तुझं हे फुटेज उलगडायची सोय आहे. छोटा मॅक मिनी आणि रिझॉल्व्ह. रिझॉल्व्हची साधी आवृत्ती फुकट आहे, अल्ट्रा एचडीपर्यंत आउटपुट देते.

पिंटू : आणि इडियस?

ताई : ते फक्त विंडोजवर.

पिंटू : झालं तर. टायटलांचे रेडीमेड प्रोजेक्ट, पोरांचे बसलेले हात, सगळं टाकून देऊ? शिवाय मॅकची रॅम नंतर वाढवता येत नाही. कराडात तो उघडणारा माणूस शोधत फिरायचं. माझ्या मशीनची एसएमपीएस उडाली तर दुपारपर्यंत मी दुसरी बसवतो.

सॉफ्टवेअरवरून पुढे बराच वेळ खणाखणी झाली, ती गाळतो. त्या वादात कधीच काही निष्पन्न होत नाही. ज्याच्यावर हात बसलाय त्याच्यावर काम करावं, मात्र ते विकत घेतलेलं असावं. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर रॅन्समवेअर आत येतं आणि सगळ्या फाइली कुलूपबंद होतात, हे सांगायला आता कुणा तज्ज्ञाची गरज उरलेली नाही. पिंटूच्या ओळखीतल्या एकाचा अख्खा सीझन तसा गेला.

खरी ठिणगी पडली ती हार्ड डिस्कवरून.

ताई : एका लग्नाचं फुटेज कुठं ठेवतोस?

पिंटू : मशीनमध्ये. भरलं की पोर्टेबल डिस्कवर टाकतो आणि मशीनमधलं उडवतो.

ताई : म्हणजे प्रत एकच.

पिंटू : हलवतो ना मी, कॉपी करत बसत नाही. जागा कुठं आहे?

ताई : अरे देवा. फोल्डरचं नाव काय देतोस?

पिंटू : नवऱ्याचं नाव.

ताई : आणि आत? तीन कॅमेऱ्यांची कार्डं?

पिंटू : एकत्रच. कधी कधी नाव सेम आहे म्हणून विचारतं, ओव्हरराइट करू का. तेव्हा पोरं नवीन फोल्डर करतात. बहुतेक करतात.

ताई : बहुतेक!

इथे ताईचा आवाज चढला आणि तो का चढला ते समजून घेण्यासारखं आहे. कॅमेरा कार्डावर सी०००१, सी०००२ अशी नावं देतो. कार्ड फॉरमॅट केलं की बऱ्याच कॅमेऱ्यांत मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. तीन कॅमेरे, प्रत्येकी चार कार्डं म्हटली तर एका लग्नात सी०००१ नावाच्या बारा फाइली निघू शकतात. त्यात टाइमकोडही प्रत्येकात शून्यापासून सुरू होत असेल, तर एडिटिंग सॉफ्टवेअरला ह्या बारा फाइलींत फरक करायला फक्त त्या ज्या फोल्डरात आहेत तेवढाच धागा उरतो. उद्या डिस्क बदलली, फोल्डर हलवला, आणि प्रोजेक्ट उघडताना लाल पाट्या आल्या, की सॉफ्टवेअर नाव जुळेल ती फाइल लावून मोकळं होतं. मग मंगलाष्टकांच्या जागी बुफेची रांग येते.

फिल्मच्या काळात हा प्रश्न लोकांनी फार निगुतीनं सोडवला होता. निगेटिव्हला कुणी हात लावायचा नाही. तिच्यावरून वर्कप्रिंट काढायची आणि स्टीनबेकच्या एडिटिंग टेबलावर कापाकापी करायची ती वर्कप्रिंटची. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये कित्येक पिढ्या त्याच टेबलांवर शिकल्या. फिल्मच्या कडेला ठरावीक अंतरावर आकडे छापलेले असत. वर्कप्रिंट अंतिम झाली की निगेटिव्ह कापणारा माणूस हातमोजे घालून ते आकडे जुळवत मूळ निगेटिव्ह कापायचा. प्रॉक्सी, कन्फॉर्म (म्हणजे शेवटी मूळ फाइली जुळवून लावणं), टाइमकोड हे सगळं त्याच पद्धतीचं पुढचं रूप आहे. कडेचे आकडे एका रिळापुरतेच असते आणि दुसऱ्या रिळावर तेच पुन्हा आले असते, तर एकही सिनेमा पुरा झाला नसता. पिंटूच्या स्टुडिओत मात्र नेमकं तेच चाललं होतं.

पिंटू : मग करायचं काय? नावं बदलत बसू?

ताई : फाइलींची नावं बदलू नकोस. कार्ड आहे तसं, आतल्या सगळ्या फोल्डरांसकट उतरव. नुसत्या एमपी४ उचलू नकोस. फोल्डरच्या नावात आधी तारीख, मग कॅमेरा, मग कार्ड. २६-११-ए-१. दुसरं कार्ड ए-२. सुरुवातीला वर्षही लाव, म्हणजे वर्षं गेली तरी त्यात गोंधळ होत नाही. आणि तिन्ही कॅमेऱ्यांचं घड्याळ सकाळी हळदीच्या आधी एकत्र लाव, टाइमकोड फ्री रनवर ठेव. मल्टिकॅम लावायलाही सोपं जाईल.

पिंटू : आणि पाहुण्यांच्या मोबाइलच्या क्लिपा? नवरीची मैत्रीण दरवेळी आणून देते, ही पण घाला म्हणते.

ताई : त्या वेगळ्या फोल्डरात ठेव आणि टाइमलाइनवर टाकायच्या आधी २५ फ्रेमला बदलून घे. फोन पुष्कळदा एकसारख्या गतीनं रेकॉर्ड करत नाही. उजेड कमी झाला की फ्रेम कमी करतो. त्यामुळे सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, शेवटाला सुटतात. हँडब्रेक फुकट आहे, त्यात स्थिर फ्रेमरेट निवडला की झालं. इथे मात्र आधी बदलून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही.

पिंटू : आणि दोन-दोन प्रती ठेवायला पैसे कोण देणार?

ताई : कोटेशनमधल्या कार्डातून काढ. बारा तासांचं फुटेज तासाला पंचेचाळीस जीबीनं ५४० जीबी होतं. आठ टीबीच्या एका डिस्कवर तशी तेरा-चौदा लग्नं बसतात. एका लग्नाच्या वाट्याला डिस्कचे किती रुपये येतात ते काढ आणि बिलात सरळ लाव. फुटेज सांभाळण्याचे, म्हणून. किती महिने सांभाळणार, तेही त्याच बिलावर छाप.

पिंटू : गिऱ्हाईक देईल?

ताई : अल्बमच्या पॅडिंगला देतं ना?

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारची साधनं, एक प्रत दुसऱ्या जागी हा नियम फोटोग्राफर पीटर क्रोघ यांच्या नावानं ओळखला जातो. पिंटूला तो पूर्ण पाळणं जमेलच असं नाही. पण कार्ड फॉरमॅट करायच्या आधी दोन डिस्कांवर प्रत आणि त्यातली एक डिस्क स्टुडिओत नव्हे तर घरी, एवढं कुठल्याही तालुक्याच्या गावी जमतं. दोन डिस्का आरशासारख्या जोडून ठेवल्या म्हणजे बॅकअप झाला, असं समजू नये. त्यात डिस्क मेली तर दुसरी उभी राहते हे खरं, पण चुकून डिलीट केलेली फाइल दोन्हीकडून एकाच वेळी जाते. कपाटात वर्षानुवर्षं ठेवायला एसएसडीपेक्षा फिरणारी हार्ड डिस्क बरी. वीज न मिळता फार काळ पडून राहिलेली एसएसडी साठवलेलं हळूहळू विसरू शकते. हार्ड डिस्कलाही अधूनमधून लावून पाहावंच लागतं.

यूपीएसचं कुणाला सांगावं लागू नये, पण अर्थिंगचं सांगतो. वळवाच्या पावसात वीज जाते-येते त्या झटक्यात जाणाऱ्या डिस्का पाहिल्या की पहिला संशय प्लगच्या तिसऱ्या पिनेवर घ्यावा. जुन्या गाळ्यांत ती पीन कशालाच जोडलेली नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून ते एकदा तपासून घेणं हा सगळ्या खरेदीतला सर्वांत स्वस्त भाग आहे.

पिंटू : मग थोडक्यात तुझं म्हणणं, मशीन घेऊ नको.

ताई : नाही. घे. मुहूर्ताचं तुझं खरंय, मी ते धरलं नव्हतं. पण एफ नसलेला प्रोसेसर घे. कार्ड पन्नास मालिकेतलं, मधल्या किमतीचं, मेमरी सोळा जीबीची. रिझॉल्व्हमध्ये नॉइज रिडक्शन लावलं की आठ जीबी अपुरी पडते. एनव्हीएमई एक टीबीची पुरे, चालू कामापुरती. वाचलेल्या पैशाच्या डिस्का.

पिंटू : आणि वीस कोर?

ताई : ठेव की. एक्सपोर्टला, इफेक्टला उपयोगी पडतात. रॅमही राहू दे.

पिंटू : दुकानदार म्हणेल, पन्नास मालिकेतलं मधलं कार्ड घेण्यापेक्षा चाळीसमधलं वरचं घ्या, बेंचमार्कला पुढं आहे.

ताई : गेमच्या बेंचमार्कला असेल. तू गेम खेळणारेस का लग्नं करणारेस?

पिंटूनं कोटेशनवर पेनानं खाडाखोड केली. फोल्डरची नावं मात्र पोरं पाळतील याची त्याला अजिबात खात्री नव्हती, आणि मलाही नाही. मशीन एका दिवसात बदलतं, सवय लागायला एक सीझन तरी जातो. माझा कौल विचाराल तर यंत्राच्या बाबतीत पिंटू बरोबर होता आणि फाइलींच्या बाबतीत ताई. ज्याला आज संध्याकाळी काम द्यायचं आहे त्याला थेट मूळ फुटेजवर चालणारं मशीनच पाहिजे. मात्र ते "जबरदस्त" असून भागत नाही, त्याच्या फुटेजला लागू पडणारं असावं लागतं. आणि ज्याच्या फाइलींची एकच प्रत आहे, त्याचं मशीन कितीही लाखांचं असो, त्याचा धंदा एका पोर्टेबल डिस्कच्या भरवशावर चालू आहे.

तुम्हीही मशीन घ्यायला निघाला असाल तर आपल्या कार्डातली सगळ्यात जड क्लिप पेन ड्राइव्हवर घ्या. मीडियाइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात ती क्लिप उघडा आणि कोडेक, बिट डेप्थ, क्रोमा सबसॅम्पलिंग (चार-दोन-दोन की चार-दोन-शून्य) ह्या तीन ओळी कागदावर उतरवून घ्या. दुकानात तो कागद आधी दाखवा, बजेट नंतर सांगा. पैसे द्यायच्या आधी तीच क्लिप तिथल्या मशीनवर, तुम्ही वापरता त्याच सॉफ्टवेअरमध्ये, तीन थरांत लावा आणि उलटी पळवून पाहा. शेजारी विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा ठेवा आणि जीपीयूच्या पानावर व्हिडिओ डिकोडचा आलेख हलतोय का ते बघा. तो हलत नसेल आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर गेला असेल, तर ते मशीन तुमच्या कामाचं नाही. पाकीट खिशातच राहू द्या.